तास झाल्यावर जा

"कर बाळा, इथंच कर. कुणी रागावणार नाही."

एक्स-रेच्या टेबलाभोवती आम्ही चौघं उभे होतो. रेडिओलॉजीचे डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियनकाका आणि शिशाचा जड एप्रन अडकवलेली मी. टेबलावर माझी साडेतीन वर्षांची मनू. लघवीच्या जागी बारीक नळी, नळीतून थेंबथेंब आत जाणारं औषध, आणि चौघंही तिला हात जोडून एकच गोष्ट सांगतोय: शू कर. ती करत नव्हती. रडून झालं होतं. आता ओठ घट्ट मिटून छताकडे बघत होती.

चूक तिची नव्हती. वर्षभरापूर्वी मीच तिला शिकवलं होतं, गादीवर करायची नाही, चड्डीत करायची नाही, मोठी माणसं बघत असतील तर अजिबात करायची नाही. आता तीच आई म्हणतेय, झोपून कर, सगळ्यांसमोर कर.

काकांनी कोपऱ्यातला नळ सोडला. पाण्याचा आवाज ऐकला की मुलांना होते, म्हणाले. नळातून फुस्स करून हवा आली. सोलापूर आहे, पाणी आमच्याकडे रोज कुठलं? मग काकांनी बादलीतलं पाणी मगात घेतलं आणि वरून परत बादलीत ओतायला लागले. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. सातव्या मगाला मनूने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि झालं. डॉक्टरांचा पाय पॅडलवर गेला, स्क्रीनवर पांढरा फुगा आकसायला लागला आणि त्याच क्षणी डाव्या बाजूने एक पांढरी रेघ वर, मूत्रपिंडापर्यंत चढली.

डॉक्टर काही बोलले नाहीत. पण मला ती रेघ दिसली होती.

या तपासणीला एमसीयू म्हणतात. मूत्राशय डायने, म्हणजे एक्स-रेत पांढऱ्या दिसणाऱ्या औषधाने भरायचं आणि मूल लघवी करत असताना एक्स-रे घ्यायचे. किती भरायचं याचाही हिशोब असतो: वयात दोन मिळवा, तीसने गुणा, तितके मिली. मनूला साधारण एकशे पासष्ट. आमच्या घरचा चहाचा मोठा कप.

तिथवर कसे पोचलो ते सांगते.

दिवाळीत तिला ताप आला. १०३, थंडी वाजून. सर्दी नाही, खोकला नाही. जवळच्या दवाखान्यात नेलं. "व्हायरल आहे" म्हणून सांगितलं, सोबत अँटिबायोटिकही दिलं, ताप गेला. आता कळतं की सर्दी-खोकला नसलेल्या लहान मुलीला असा ताप आला की आधी लघवी तपासायला हवी. तेव्हा ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं. लघवी न तपासता अँटिबायोटिक दिलं की ताप जातो आणि पुरावाही जातो.

दुसरा ताप जानेवारीत, गड्ड्यानंतर. गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, तिथे आमच्याकडे पोरांना न नेणं शक्यच नाही. होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, भेळ, फुगे. संध्याकाळी पाचपासून रात्री साडेनऊपर्यंत आम्ही तिथे होतो आणि त्या साडेचार तासांत मनूने एकदाही शू केली नाही. दोनदा पाय एकमेकांत गुंतवून उभी राहिली. मी म्हटलं, "थांब गं जरा, घरी गेल्यावर कर." नेणार कुठे होते? जिथे सोय होती तिथला वास दहा फुटांवरून येत होता. दोन दिवसांनी १०४ ताप आणि उलट्या.

या वेळी हे म्हणाले, थेट मुलांच्या डॉक्टरांकडे. वाटेत एका लॅबमध्ये लघवी दिली. तिथे चिकटणारी पिशवी लावून नमुना घेतला, रिपोर्ट आला "मिक्स ग्रोथ". पिशवीत कातडीवरचे जंतूही येतात, त्यामुळे त्या रिपोर्टचा उपयोग शून्य. पैसे मात्र पूर्ण. ॲडमिट केल्यावर नळीने नमुना घेतला. त्यात एका मिलीमध्ये लाखाच्या वर ई. कोलाय. पोटातलेच जंतू, वाट चुकून लघवीत गेलेले. सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला, चौथ्या दिवशी तिने शेंगाची चटणी मागितली.

सोनोग्राफी झाली. मूत्रपिंडं जागेवर, आकार बरोबर, सूज नाही. मी सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, सोनोग्राफी नळ्या दाखवते. नळ्यांतून पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते दाखवत नाही." ताप देणारं असं इन्फेक्शन झालेल्या मुलांपैकी शंभरातल्या तीसेक जणांत लघवी मूत्राशयातून उलटी वर जाते, त्याला रिफ्लक्स म्हणतात, आणि सोनोग्राफी चांगली असतानाही तो असू शकतो. दोनदा ताप येऊन गेलाय, तेव्हा एमसीयू करून घेऊ.

घरी येऊन अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना हे सांगितलं. अण्णा लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडेपर्यंत तिथे फिटर होते. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: "एनआरव्ही गेलाय." आमच्या हौदाच्या पाइपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे. पाणी आलं की हौद भरतो, आणि व्हॉल्व्ह खराब झाला तर भरलेलं पाणी उलट लाइनीत जातं. चार-पाच दिवसांचं पाणी असं गेलेलं ज्याने पाहिलंय त्याला रिफ्लक्स वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

एमसीयूचा रिपोर्ट घेऊन गेलो तेव्हा हेच उदाहरण मी डॉक्टरांना दिलं. ते हसले, पण मान्य केलं नाही. तिथे झडप नसते म्हणाले. मूत्रपिंडातून येणारी नळी मूत्राशयाच्या भिंतीतून सरळ आत घुसत नाही, भिंतीच्या आतून तिरकी सरकत येते. मूत्राशय भरलं की भिंत ताणते आणि तो तिरका तुकडा आपोआप दाबला जातो. बागेतल्या रबरी पाइपावर पाय ठेवल्यासारखा. तो तुकडा नळीच्या रुंदीच्या पाचपट लांब असावा असं सर्जन लोक धरून चालतात. काही मुलांत तो जन्मतःच आखूड असतो. मूल वाढतं तसा तोही लांबतो, म्हणून पुष्कळांचा रिफ्लक्स आपोआप जातो.

मनूची डावी बाजू ग्रेड तीन, उजवी एक. एकूण पाच ग्रेड. एकमध्ये डाय फक्त नळीत जातो, पाचमध्ये नळी आतड्यासारखी वेडीवाकडी फुगलेली असते.

"मग ऑपरेशन कधी करायचं?" यांनी विचारलं. हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतात. उधारी लोंबकळत ठेवणं यांना सहन होत नाही. दुर्बिणीतून एक जेल टोचून नळीचं तोंड उचलून धरता येतं हे यांनी आदल्या रात्रीच वाचून ठेवलं होतं. "एकदाचं इंजेक्शन मारून टाकू, विषय संपला."

डॉक्टरांनी नाही म्हटलं नाही. खुर्ची पुढे ओढली आणि पाठकोऱ्या कागदावर आकडे लिहायला लागले. मी पंधरा वर्षं शाळेत शिकवतेय, पण कुठल्या डॉक्टरने मला असं संशोधनाचे आकडे मांडून समजावलेलं ते पहिल्यांदा.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोप आणि अमेरिकेत मिळून एक मोठा अभ्यास सुरू झाला होता. जास्त ग्रेडच्या मुलांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांना रोज थोडं अँटिबायोटिक. वर्षानुवर्षं पाहिलं. ऑपरेशनवाल्यांना तापाची इन्फेक्शनं कमी झाली, पण इन्फेक्शनमुळे मूत्रपिंडावर राहणारे नवे डाग दोन्हीकडे सारखेच. मग स्वीडनचा अभ्यास, २०१० साली छापून आला. एक ते दोन वर्षांची २०३ मुलं, ग्रेड तीन-चार. तीन गट: रोजचं औषध, जेलचं इंजेक्शन, आणि नुसतं लक्ष ठेवणं. त्यातल्या मुलींचे आकडे त्यांनी लिहिले. परत ताप आला तो औषधवाल्या ४३ पैकी ८ जणींना, इंजेक्शनवाल्या ४३ पैकी १० जणींना, नुसतं लक्ष ठेवलेल्या ४२ पैकी २४ जणींना.

"म्हणजे इंजेक्शन मारूनही दहा जणी," हे म्हणाले.

"हो. आणि त्याला भूल द्यावी लागते."

तिसरा अभ्यास अमेरिकेतला, रिव्हर नावाचा, २०१४ चा. ६०७ मुलं, त्यात बहुतेक मुलीच. निम्म्यांना रोज कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं सिरप. कुणाला काय मिळतंय हे आईबापांनाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. दोन वर्षांत परत इन्फेक्शन झालं ते औषधवाल्या ३०२ पैकी ३९ जणांना आणि दुसऱ्या गटात ३०५ पैकी ७२ जणांना.

यांनी खिशातलं पेन काढलं. हिशोब दिसला की यांचा हात थांबत नाही. "म्हणजे औषध न घेताही चारांतल्या तिघांना काही झालं नाही. आणि घेऊनही आठांतल्या एकाला झालंच."

"बरोबर. आणि डागांचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं. शिवाय औषधवाल्यांत ज्यांना ई. कोलायचं इन्फेक्शन परत झालं, त्यांच्यातल्या ६३ टक्के मुलांचे जंतू त्या औषधाला दाद देत नव्हते. दुसऱ्या गटात १९ टक्के."

"मग द्यायचं कशाला?" हे मी विचारलं.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि मला उलटं विचारलं, "ही शाळेत जाते का? तिथे दिवसातून किती वेळा शू करते? आणि संडासला रोज होते का?"

मला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही.

तिथेच एक तरुण रेसिडेंट डॉक्टर बसल्या होत्या. त्यांचा एमडीचा प्रबंध याच विषयावर होता: लघवीचं इन्फेक्शन झालेल्या मुलांची सोनोग्राफी जरा जास्त बारकाईने करायची. मूत्रपिंडांची लांबी, मूत्राशयाच्या भिंतीची जाडी, लघवी केल्यावर आत किती उरतं, आणि मूत्राशयाच्या मागे गुदाशय किती रुंद दिसतो. मनूला त्यात घ्यायचं का, असं त्यांनी विचारलं. अभ्यास हा शब्द ऐकताच माझ्या पोटात गोळा आला. प्रयोग करणार का पोरीवर? सासूबाई तर नंतर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्यांनी चार पानांचं संमतीपत्र दिलं. मराठी होतं, पण असलं मराठी की तिसरीच्या पोराने लिहिलं असतं तर मी लाल पेन चालवलं असतं. "सदर अभ्यासातील सहभागीत्वामुळे उद्भवणाऱ्या संभाव्य गैरसोयी" म्हणजे काय हो? म्हणजे, पोट भरून लघवी लागेपर्यंत बसावं लागेल. तसं लिहा की. पण मजकूर नीट होता. नवं औषध नाही, टोचाटोची नाही, सोनोग्राफीला जास्तीचे पैसे नाहीत, नाव कुठे छापणार नाही, मधूनच नको म्हटलं तरी उपचारांत फरक पडणार नाही. शेवटी नैतिकता समितीचा शिक्का. मी ते घरी आणलं, दोनदा वाचलं, तीन प्रश्न पेन्सिलीने समासात लिहिले आणि उत्तरं मिळाल्यावर सही केली. सात वर्षांच्या पुढच्या मुलांना स्वतःलाही विचारावं लागतं म्हणे. मनूला विचारायची गरज नव्हती, तरी त्या डॉक्टरांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "सुई आहे का?" नाही म्हटल्यावर तयार झाली.

त्या सोनोग्राफीत मला जे दिसलं ते एमसीयूत दिसलं नव्हतं. स्क्रीनवर काळा गोल म्हणजे भरलेलं मूत्राशय. त्याच्या मागून एक पांढुरका फुगवटा त्याला ढकलत होता, काळ्या गोलात खड्डा पडावा तसा. डॉक्टरांनी माप घेतलं. गुदाशयाची रुंदी तीन सेंटिमीटरच्या पुढे दिसली की मळ साठलाय असं समजतात. मनूचं चारच्या जवळ होतं. मग तिला शू करून यायला सांगितलं आणि परत पाहिलं. आत पाण्याचा काळा चंद्र उरलेलाच. "अर्धवट करून येते," त्या म्हणाल्या. "मागून दाबलं जातंय, म्हणून पूर्ण रिकामं होत नाही. आणि ही धरून ठेवते."

धरून ठेवते.

माझ्या वर्गात ४६ मुलं आहेत. करंगळी वर झाली की माझं ठरलेलं वाक्य, "आत्ताच मधली सुट्टी झाली ना? तास झाल्यावर जा." एकाला सोडलं की दहा जण उठतात, वर्ग हातातून जातो, हे कुठलीही शिक्षिका सांगेल. पण मुलींची मुतारी कशी आहे हेही मला माहीत आहे. कडी नाही, पाणी कधी असतं कधी नसतं. मी स्वतः शाळेत असताना तिथे जात नाही. सकाळी साडेसातला घर सोडते ते साडेबाराला परत येईपर्यंत, पाणीसुद्धा बेतानेच पिते. मनूच्या बालवाडीतही तसंच असणार. मी बालवाडीच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी किती शहाणी ओ! एकदाही त्रास देत नाही."

रिव्हरच्या अभ्यासातही रोजच्या औषधाचा सगळ्यात जास्त फायदा ज्यांना झाला ती ही अशी मुलं, धरून ठेवणारी आणि पोट साफ नसणारी, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. म्हणून औषध द्यायचं ठरलं. पण औषधाच्या आधी पोट.

पुढचं दीड वर्ष आमच्या घरात संडास-लघवीशिवाय दुसरा विषय नव्हता. रात्री झोपताना तिच्या वजनाप्रमाणे तीन मिली सिरप, सिरिंजने मोजून. ते पांढरं सिरप तिला आवडायला लागलं हा आणखी एक ताप. बाटली वरच्या फळीवर गेली. पोट साफ होण्यासाठी पाण्यात कालवायची पावडर, आधी जास्त, मग कमी करत आणली. बिस्किटं बंद. दूध दिवसाला दोन कप, जास्त नाही. कडक भाकरी आमटीत कुस्करून. पेरू. संडासात पायाखाली पाट, गुडघे वर येतील असा. जेवल्यावर दहा मिनिटं तिथे बसायचंच, होवो न होवो. दर दोन-अडीच तासांनी शू, लागली असो वा नसो. अण्णांनी भिंतीवर तक्ता लावला, मिलमधल्या शिफ्टच्या पाटीसारखा, आणि प्रत्येक वेळी खडूने खूण करायला लागले. लघवी केल्यावर उठायचं नाही, वीसपर्यंत मोजायचं आणि परत एकदा करायची. मनू वीसपर्यंत आकडे त्या संडासात शिकली.

जुलैत पुण्याला जाऊन डीएमएसए, म्हणजे मूत्रपिंडांवरचे डाग दाखवणारा स्कॅन केला. इन्फेक्शननंतर चार-सहा महिने थांबून करतात, म्हणजे ताजी सूज डागासारखी दिसत नाही. पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडली. तिथे हाताला सुई लावून किरणोत्सारी औषध दिलं आणि दोन-तीन तास बसवून ठेवलं, ते मूत्रपिंडांत साठेपर्यंत. त्याची ताकद सहा तासांत निम्मी होते, भरपूर पाणी पाजा, म्हणाले. मग कॅमेऱ्याखाली अर्धा तास न हलता पडायचं. ती झोपली, देवाची कृपा. डावं ४६ टक्के काम करतंय, उजवं ५४. डाव्याच्या वरच्या टोकाला एक छोटा डाग. तो डाग दिवाळीचा की गड्ड्याचा, ते कळायला मार्ग नाही. मी मात्र मनात दिवाळीवर बोट ठेवून आहे.

धाकटा तेव्हा सात महिन्यांचा होता. भावंडांपैकी चारांत साधारण एकाला रिफ्लक्स असतो हे ऐकून मी रात्रभर जागी. त्याची सोनोग्राफी केली, चांगली आली. एमसीयू नको, पण ताप आला की आधी लघवी तपासायची, एवढंच ठरलं. त्याला आजवर तीनदा ताप आला, तिन्ही वेळा मी लघवी तपासून घेतली, तिन्ही वेळा काही नव्हतं. लॅबवाला आता मला नावाने ओळखतो.

बालवाडीच्या बाईंना मी डॉक्टरांची चिठ्ठी दिली. माझ्या शाळेत मुख्याध्यापिकाबाईंशी बोलले. कडी बसली. पाण्यासाठी ड्रम आला, तो भरायचा कुणी यावर दोन महिने वाद चालला, मग पाळी लागली. वर्गात करंगळी वर झाली की आता मी काही बोलत नाही. पहिले आठ दिवस खरंच दहा-दहा जण उठले. मग त्यांनाही कंटाळा आला.

ऑगस्टमध्ये एक ताप आला, आम्ही सगळे हादरलो. तो डेंग्यू निघाला. डेंग्यू निघाल्यावर सुटकेचा श्वास टाकणारं आमचं सोलापुरातलं एकमेव घर असेल.

दुसरी एमसीयू मनू पाच वर्षांची झाल्यावर केली. हल्ली सूक्ष्म बुडबुड्यांचं औषध भरून नुसत्या सोनोग्राफीवरही रिफ्लक्स बघता येतो, एक्स-रे लागत नाही, असं त्या रेसिडेंट डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण आमच्या इथे तेव्हा ती सोय नव्हती. तेव्हा तेच टेबल, तोच एप्रन. आधी आठ दिवस मी तिला सगळं सांगून ठेवलं होतं, बाहुलीला नळी लावून. नळी घालताना ती रडली, माझ्या बोटावर तिच्या नखांचे चार चंद्र उमटले. डाय भरत गेला. डॉक्टर म्हणाले, आता कर.

तिने मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं. काका तेच होते.

"काका, बादली?"

काका आधी समजलेच नाहीत. मग हसत त्यांनी बादलीतला मग उचलला.

डावी बाजू ग्रेड एक. उजवी बाजू स्वच्छ. औषध बंद केलंय, तक्ता अजून भिंतीवर आहे. वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि रक्तदाब, पुढची तारीख गड्ड्याच्या आधीची घेतलीय.